ऑनसाइटवाल्यांसाठीचं हक्कांचं वर्कशॉप, कर्वे रोड : अमेरिका भारी शिकवतात, पुणं गुंडाळतात

नळ स्टॉप मेट्रोपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर एक संस्था रविवारी सकाळी हे वर्कशॉप घेते. विषय असा की परदेशात नोकरीला, म्हणजे आयटीच्या भाषेत ऑनसाइट, गेल्यावर रंगावरून किंवा तुम्ही मूळचे कुठले यावरून कुणी त्रास दिला तर कायदा तुमच्या बाजूने किती आणि कुठपर्यंत उभा राहतो. फी साडेबाराशे, चहा-पोहे धरून, वेळ दहा ते एक. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली थोडं वाईटही लिहिलंय आणि शिकवणारी माणसं बॅचप्रमाणे बदलतात असं कळलं, उगाच कुणाच्या नावाने पावती कशाला फाडा.

पाचपैकी साडेतीन देईन. पहिल्या दोन तासांना एकट्याने साडेचार, शेवटच्या अर्ध्या तासाला दीड, आणि पोह्यांना वेगळे मार्क नाहीत कारण ते गार होते.

मी का गेले तर माझं डॅलसजवळच्या एका क्लायंटकडे जायचं घाटतंय, आणि मी सावळी आहे, म्हणजे लग्नाच्या बायोडेटात नातेवाईक ज्याला ‘निमगोरी’ लिहून मोकळे होतात तसली सावळी. ऑफिसात दरवर्षी ते कंपल्सरी ऑनलाइन ट्रेनिंग येतं ना, ज्यात हसऱ्या चेहऱ्याची कार्टून माणसं मीटिंगमध्ये एकमेकांशी फार आदराने वागतात आणि आपण व्हिडिओ म्यूट करून नेक्स्ट नेक्स्ट करतो, तेवढंच माझं कायद्याचं शिक्षण. बाकी ओ की ठो नाही. हॉलमध्ये निम्मे माझ्यासारखे हिंजवडी-खराडीवाले, म्हणजे आयटीतले होते, काही एचआरवाले, मागच्या रांगेत मुलंमुली तिकडे असलेले काका-काकू वही-पेन घेऊन अगदी तयारीत, आणि दोघं-तिघं असे की ज्यांचा अमेरिकेशी काहीच संबंध नव्हता, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते कारण वर्कशॉप फसलं ते तिथेच.

पहिला भाग घेणाऱ्या वकील मॅडम न्यू जर्सीत बरीच वर्षं प्रॅक्टिस करून आता पुण्यात परत आलेल्या. बाईंनी ओळख-बिळख, दीपप्रज्वलन वगैरे काही न करता थेट प्रश्न टाकला की समजा तुमचा मॅनेजर पण कोल्हापूरचा, तुम्ही पण कोल्हापूरचे, तो गोरा तुम्ही काळे, आणि तिकडे न्यू जर्सीत तो तुम्हाला क्लायंटसमोर प्रेझेंटेशनला उभंच करत नाही कारण ‘जरा प्रेझेंटेबल माणूस हवा’, तर केस होते का? सगळा हॉल म्हणाला नाही होत, दोघं इंडियनच आहेत की. बाई म्हणाल्या होते. अमेरिकेच्या १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टचा जो सातवा भाग, टायटल सेव्हन, त्यात वंश, रंग, धर्म, लिंग आणि नॅशनल ओरिजिन (तुम्ही मूळचे कुठले) अशी पाच कारणं वेगवेगळी लिहिलीत, रंग हा वंशाच्या खिशात घातलेला नाही, त्यामुळे एकाच वंशाच्या दोन माणसांमध्येही रंगावरून भेदभाव होऊ शकतो. १९८९ मध्ये जॉर्जियातल्या फेडरल कोर्टाने हे मान्य केलं, त्यात गंमत म्हणजे तक्रार करणारी उजळ रंगाची कृष्णवर्णीय बाई होती आणि सुपरवायझर तिच्याहून गडद रंगाची. पुढे पुराव्यात ती हरली, पण असा दावा करता येतो हे पक्कं झालं. मग २००३ मध्ये जॉर्जियातल्याच एका ॲपलबीज रेस्टॉरंटचं प्रकरण, तिथे गडद रंगाच्या कर्मचाऱ्याला उजळ रंगाचा मॅनेजर रंगावरून टोमणे मारायचा, तो पण कृष्णवर्णीयच, आणि शेवटी ४० हजार डॉलरवर तडजोड झाली.

हे ऐकल्यावर माझ्या शेजारच्या काकू हळूच मला म्हणाल्या, ‘अगं मग आपल्याकडे तर अर्धा गाव आत जाईल.’

पण मॅडमनी लगेच ब्रेकही मारला, कारण लोकांना वाटायला लागलं की कुणी ‘काळ्या’ म्हटलं की डॉलर मोजायला बसायचं. तसं नाही. एखादा फालतू जोक, एकदाच कुणीतरी काहीतरी बोललं, हे बहुतेक वेळा कायद्याच्या कक्षेत बसत नाही, छळ म्हणायला तो एक तर फार गंभीर पाहिजे किंवा इतका वारंवार की कामाची जागाच नकोशी व्हावी. शिवाय कंपनीत किमान १५ माणसं पाहिजेत, त्याहून छोटी असेल तर टायटल सेव्हन लागूच नाही. नॅशनल ओरिजिनपुरता मात्र १९८६ च्या इमिग्रेशन कायद्यात एक पदर ठेवलाय, ४ ते १४ माणसांच्या कंपन्या त्यात येतात आणि ती तक्रार अमेरिकेच्या न्याय खात्याकडे जाते. मोटेल, पेट्रोल पंप, छोट्या कन्सल्टन्सी असल्या ठिकाणी काम करणाऱ्यांना हे माहीत असायला हवं, आपल्याकडचे कितीतरी जण तसल्या चारपाच टेबलांच्या कन्सल्टन्सीतूनच तिकडे जातात.

मला सगळ्यात आवडलेला भाग ॲक्सेंटचा. मॅडमनी पुढच्या रांगेतल्या एका मुलाला उभं केलं, नांदेडचा, हिंजवडी फेज थ्रीला कामाला, आणि सांगितलं की उद्याच्या स्टेटस कॉलला जसं बोलशील तसं इंग्लिशमध्ये बोल. तो बिचारा लाजत लाजत बोलला, ‘डिप्लॉयमेंट इज पेंडिंग फ्रॉम क्लायंट साइड’ वगैरे, ‘श’ आणि ‘स’ ची जरा गल्लत, स्पीड एक्स्प्रेस हायवेवरचा. मग मागच्या काकांना विचारलं, समजलं का? काका म्हणाले सगळं समजलं, फक्त डिप्लॉयमेंट म्हणजे काय ते नाही समजलं. हॉल हसला, पण मुद्दा बरोबर बसला. कायदा ॲक्सेंट आहे की नाही ते बघतच नाही, त्या ॲक्सेंटमुळे ते ठरावीक काम करण्यात खरोखर अडथळा येतो का एवढंच बघतो. डेटाबेस सांभाळणाऱ्याला ‘तुझा ॲक्सेंट क्लायंटला आवडत नाही’ म्हणून काढलं तर कंपनी अडचणीत, पण दिवसभर काउंटरवर लोकांशी बोलायचं काम असेल तर कोर्ट वेगळं बोलू शकतं. १९८९ चीच होनोलुलूची केस सांगितली, फिलिपिन्सहून आलेला माणूस, लेखी परीक्षेत पहिला नंबर, गाड्यांच्या लायसन्स ऑफिसात क्लार्कची जागा, इंटरव्ह्यूत उच्चारावरून डावलला आणि अपील कोर्टातही हरला. हारलेल्या केसेस पण सांगतात ही या बाईंची जमेची बाजू, नाहीतर असल्या वर्कशॉपमध्ये सगळे जिंकलेलेच भेटतात.

पँट्रीत मराठी बोललं तर चालतं का हा प्रश्न येणारच होता, आला. उत्तर असं की दिवसभर, अगदी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा फक्त इंग्लिशच बोला असा सरसकट नियम सरकारी एजन्सीच्या नियमावलीत भेदभावच धरला जातो, कॉलवर किंवा ग्राहकासमोर किंवा सेफ्टीच्या कामात कंपनी तशी सक्ती करू शकते पण तिला गरज दाखवावी लागते आणि लोकांना आधी सांगावं लागतं. ती एजन्सी म्हणजे ईईओसी, इक्वल एम्प्लॉयमेंट ऑपॉर्च्युनिटी कमिशन, २ जुलै १९६५ पासून चालू असलेली, जिच्याकडे ‘चार्ज’, म्हणजे भेदभावाची तक्रार, दाखल करायचा असतो, फुकट, वकील नसला तरी चालतो. क्लायंटचा मॅनेजर त्रास देत असेल आणि पगार आपली कंपनी देत असेल तर? यावर तर अख्ख्या हॉलने माना वर केल्या, कारण आपलं सगळं जगणंच त्या फटीत. मॅडम म्हणाल्या दोघंही अडकू शकतात, आपल्या कंपनीला कळल्यावर तिच्या हातात जे आहे ते तिने करायलाच हवं, आणि ‘काय करणार, क्लायंटला इंडियन नको होता’ हा बचाव चालत नाही, ग्राहकाची आवडनिवड हे कारणच होत नाही.

मग आली ती निराशा. कुणीतरी विचारलं, जॉबच्या जाहिरातीत ‘ओन्ली यूएस सिटिझन्स’ लिहिलेलं असतं, ते पण नॅशनल ओरिजिनच ना? नाही. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की तुम्ही कुठल्या देशाचे नागरिक हा प्रश्न वेगळा आणि तुम्ही मूळचे कुठले हा वेगळा. ती केस टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओच्या कपड्याच्या फॅक्टरीची, मेक्सिकोची नागरिक असलेल्या बाईला शिवणकामाची नोकरी नाकारली, पण त्याच फॅक्टरीत ९६ टक्क्यांच्या वर कामगार मूळचे मेक्सिकनच, मग मूळ देशावरून भेदभाव कसा म्हणणार. १९८६ च्या कायद्याने नागरिकत्वावरून भेदभावाला बंदी आणली खरी पण ती अमेरिकन नागरिक, बहुतेक ग्रीन कार्डवाले, रेफ्युजी आणि आश्रय मिळालेले यांच्यापुरती, एच-वन-बी वाला, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर गेलेला, त्यात नाही. हॉलमध्ये अशी शांतता झाली की पंख्याचा आवाज यायला लागला. एकाने त्यातच त्या एक लाख डॉलरच्या व्हिसा फीचं काढलं तर मॅडमनी ‘तो विषय आज नाही, त्यावर बोलायला लागलो तर दुपारचं जेवण इथेच’ म्हणून गप्प केलं, बरं केलं.

आता ज्याच्यासाठी मी फी दिली असं म्हणेन तो भाग, म्हणजे तारखा. चार्ज दाखल करायला घटनेपासून १८० दिवस, आणि जिथे राज्याची किंवा स्थानिक अशीच एजन्सी आहे तिथे ३०० दिवस. टेक्ससमध्ये राज्याची एजन्सी आहे त्यामुळे ईईओसीसाठी ३००, पण राज्याच्या कायद्याखालचं घड्याळ १८० चंच, म्हणून मॅडम म्हणाल्या मनात १८० च धरा. आणि लोक इथे मार खातात ते असं की घटना घडते, माणूस एचआरला मेल टाकतो, एचआर म्हणतं आम्ही चौकशी करतोय, मग दिवाळी येते, मग ख्रिसमसला सगळे सुट्टीवर, मग एचआर पार्टनर बदलते, नवीन बाई म्हणते मला परत पहिल्यापासून सांगा, आणि तोवर मुदत संपून जाते. आतल्या चौकशीमुळे बाहेरचं घड्याळ थांबत नाही. प्रमोशन नाकारलं, काढून टाकलं असल्या एकेका निर्णयाचं घड्याळ वेगवेगळं चालतं, छळ मात्र सलग धरतात, त्यातली शेवटची घटना मुदतीत असली की आधीचंही बघितलं जातं. पुढे एजन्सीकडून ‘राइट टू सू’ पत्र (आता तुम्ही दावा लावू शकता असं सांगणारं) हातात पडलं की कोर्टात जायला ९० दिवस, त्याच्यापुढे एक दिवससुद्धा नाही.

यासाठी त्यांनी एक ए-फोर कागद वाटला, आडवा, पाच रकाने. तारीख-वेळ, नेमके शब्द, कोण कोण हजर होतं, पुरावा कुठे आहे, नंतर काय झालं. सोपा दिसतो पण आम्हाला तिथे बसून एक खोटी घटना भरायला लावली तेव्हा कळलं. जवळजवळ सगळ्यांनी दुसऱ्या रकान्यात ‘अपमानास्पद बोलला’ असं लिहिलं. मॅडमनी सगळ्यांचे कागद बघून सांगितलं की हे पुसा, अपमानास्पद होतं की नाही ते दुसरे ठरवतील, तुम्ही तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहा, इंग्लिशमध्ये बोलला तर इंग्लिशमध्ये, शिवी असेल तर शिवीसकट. एका मुलीने लिहिलं होतं ‘लाइट ऑन करा, ती दिसत नाहीये’, अवतरण चिन्हात, मीटिंग रूमचं नाव, कोण हसलं त्यांची नावं. तो कागद मॅडमनी सगळ्यांना दाखवला. खोटी घटना लिहायची होती पण ती काही खोटी वाटत नव्हती. आणि हा कागद घरी ठेवायचा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही, पण म्हणून कंपनीचे मेल बिनधास्त स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करायचे नाहीत, कारण मग कंपनी डेटा चोरला म्हणून तुम्हालाच काढते आणि तुमची केस राहते बाजूला. हे आमच्या ट्रेनिंगच्या कार्टून माणसांनी कधी सांगितलं नव्हतं.

रिटॅलिएशन पण नीट घेतलं. तक्रार केल्यावर बदला म्हणून रेटिंग पाडलं, पीआयपीवर (ठरावीक मुदतीत काम सुधारा नाहीतर जा) टाकलं, प्रोजेक्टवरून उचललं, तर ते कायद्याचं स्वतंत्र उल्लंघन धरलं जातं, आणि मूळ तक्रार टिकली नाही तरी ती प्रामाणिकपणे आणि पटण्यासारख्या कारणाने केली असेल तर बदल्याची केस टिकू शकते. पैशांचं पण ऐकून लोकांचे चेहरे उतरले. मानसिक त्रासाची भरपाई आणि दंडात्मक भरपाई मिळून कंपनीच्या आकाराप्रमाणे कमाल मर्यादा आहे, १५ ते १०० माणसांच्या कंपनीला ५० हजार डॉलर आणि ५०० च्या वर माणसं असली तरी ३ लाखच, बुडालेला पगार वेगळा. त्याच्या जोडीला १८६६ चा एक जुना कायदा आहे, गुलामगिरी संपल्यानंतरचा, सेक्शन १९८१ म्हणतात, त्यात वंशावरून दावा करता येतो, १९८७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे वंश म्हणजे पूर्वजांचं मूळ पण त्यात येतं, १५ माणसांची अट नाही, भरपाईला कमाल नाही, मुदत साधारण चार वर्षं. नुसतं ‘तू इंडियाहून आलास’ एवढंच असेल तर तो कायदा पुरत नाही, म्हणून वकील लोक दोन्ही दावे एकत्र लावतात म्हणे.

ब्रेकच्या आधी मॅडमनी आरसा पण दाखवला, त्याचं कौतुक करायला पाहिजे. हा कायदा आपल्यालाच आहे असं समजू नका, आपल्याविरुद्धही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने कॉग्निझंट या आयटी कंपनीविरुद्ध निकाल दिला, भारतीय नसलेल्या कर्मचाऱ्यांशी भेदभाव केला म्हणून. त्याच धर्तीची केस टीसीएसवर झाली होती, तिथे २०१८ मध्ये ज्युरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ईईओसीने स्वतःच जाहीर केलं की अमेरिकन कामगारांना डावलून व्हिसावाल्यांना प्राधान्य देणाऱ्या कंपन्यांवर लक्ष राहणार. तेव्हा तिकडे टीम लीड झालात आणि ‘आपलाच माणूस घेऊ, मराठीत बोलता येईल’ असं टीम्सवर, म्हणजे ऑफिसच्या चॅटवर, लिहिलंत तर तो मेसेज उद्या कोर्टात वाचला जाईल. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका डिलिव्हरी मॅनेजर टाइप गृहस्थांनी फोन काढून खाली ठेवला, परत काढला. काय डिलीट केलं देव जाणे.

चहाच्या वेळी एका काकांनी मॅडमना गाठलं, त्यांची मुलगी मँचेस्टरला. मॅडमनी उभ्या उभ्या सांगितलं की तिकडे २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट, त्यात वंश या शब्दाखालीच रंग, नागरिकत्व आणि मूळ देश सगळं येतं, म्हणजे अमेरिकेत जी फट राहते ती तिथे बऱ्यापैकी बुजवलीय, आणि माणसांची किमान संख्याही नाही. काका खूश. हे खरं तर स्टेजवर सांगायला हवं होतं, अर्ध्या लोकांची पोरं यूके-कॅनडातच आहेत.

आणि मग दुसरा भाग, ‘भारतातील परिस्थिती’. पोस्टरवर एक तास लिहिलेला, प्रत्यक्षात बारा वीसला चालू झाला आणि हॉल एकला रिकामा करायचा होता. लेबर लॉवाले एक सर आले, चांगले अनुभवी असतील पण त्या दिवशी त्यांना घरी जायची घाई होती, घटनेची कलमं वाचून दाखवली, १४, १५, १६, आपली राज्यघटना किती महान आहे ते सांगितलं आणि प्रश्न विचारा म्हणाले.

तर प्रश्न आले ना. सोलापूरची एक मुलगी, हॉटेल मॅनेजमेंट केलेली, तिने विचारलं की सर, मला पुण्यात एका ठिकाणी फ्रंट ऑफिसला घेतलं नाही, बॅक ऑफिसला घेतो म्हणाले, तोंडावर सांगितलं की गेस्टसमोर जरा उजळ मुली ठेवतो, मी कुठे जाऊ? सर म्हणाले बेटा, आत्मविश्वास ठेव, रंग महत्त्वाचा नसतो. ती म्हणाली सर मला आत्मविश्वास आहे, मला फोरम विचारायचा होता. टाळ्या पडल्या. मग विमाननगरच्या एका कॅफेत काम करणारा मणिपूरचा मुलगा, चांगलं मराठी बोलत होता, म्हणाला मला कामावर रोज चायनीज म्हणतात, मालक पण. त्याला सर म्हणाले पोलिसात जा. बास. हे दोघं अमेरिकेला जाणार नव्हते, याच अर्ध्या तासासाठी साडेबाराशे भरून आले होते, आणि मला सगळ्यात राग याचा आला.

सरांनी जे सांगायला हवं होतं ते निदान इथे लिहिते. सरळ सांगायचं तर प्रायव्हेट नोकरीत रंगावरून डावललं तर थेट दाद मागता येईल असा टायटल सेव्हनसारखा एक कायदा आपल्याकडे नाहीये. १५ आणि १६ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, रंग नाही, आणि १६ वं कलम सरकारी नोकरीपुरतं, हॉटेलमालकाला ते लागत नाही. वर १५ आणि १६ हे भारतीय नागरिकांसाठी, म्हणजे पुण्यात शिकायला आलेला आणि शिकता शिकता कुठे काम करणारा आफ्रिकन मुलगा त्यात नाही, त्याला १४ (समानता) आणि २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आहे पण ते सरकारविरुद्ध. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १११ नंबरचा करार, ज्यात नोकरीतल्या भेदभावाच्या कारणांमध्ये रंग आणि राष्ट्रीय मूळ दोन्ही आहेत, तो भारताने १९६० मध्येच मान्य केलाय. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या मुलाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला तेव्हा बेझबरुआ समिती नेमली, तिने त्याच वर्षी ईशान्येच्या लोकांवरच्या वांशिक शेरेबाजीसाठी भारतीय दंड विधानात दोन नवीन कलमं घाला असं सुचवलं. दंड विधान जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, ती कलमं काही आली नाहीत.

आणि प्रायव्हेट कंपन्यांना कायदा लावताच येत नाही असंही नाही. अपंगांसाठीचा २०१६ चा, एचआयव्हीग्रस्तांसाठीचा २०१७ चा, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचा २०१९ चा, हे तिन्ही कायदे खासगी नोकरीपर्यंत जातात, २०१९ ची वेतन संहिता लिंगावरून पगारात आणि भरतीत भेद करू नका म्हणते. त्या यादीत रंग बसवायला कुणाला सुचलं नाही एवढंच. कदाचित आपल्याला तो गुन्हा वाटतच नाही, फेअर अँड लव्हलीचं नाव बदलायलासुद्धा २०२० उजाडलं.

मग काय उरतं तर तुकडे. रंगाच्या शिवीत जात आली तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा, पण अर्थात ज्यांना तो लागू आहे त्यांनाच. बाईला उद्देशून लैंगिक अंगाने बोललं गेलं तर पॉशची, म्हणजे कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याची समिती, १० किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात ती असलीच पाहिजे, तक्रार तीन महिन्यांत. तुम्ही कायद्याच्या भाषेत कामगार असाल, म्हणजे मॅनेजर-सुपरवायझर नसाल, तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात चौथ्या परिशिष्टात गुणवत्ता न बघता एका गटाच्या कामगारांना झुकतं माप देणं ही अनुचित प्रथा म्हटलीय, तीच गोष्ट २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे, तिकडून काही करता येईल का हे वकिलाला विचारण्यासारखं आहे. तो मणिपूरचा मुलगा त्यात बसू शकतो, सोलापूरची मुलगी नाही, कारण ती तिथे कामाला लागलेलीच नव्हती. आणि मल्टिनॅशनलमध्ये असाल तर कंपनीचं स्वतःचं कोड ऑफ कंडक्ट, ज्यात बहुतेक वेळा रंग आणि नॅशनल ओरिजिन लिहिलेलंच असतं, आणि ती ग्लोबल एथिक्स हॉटलाइन जिच्या पोस्टरवर पँट्रीत आपण चहाचा कप टेकवतो. तो काही कायदा नाही पण हेड ऑफिसला तक्रार गेली की इथल्या मॅनेजरची झोप उडते, हे खरंय.

यातलं सगळ्यात विचित्र मी ब्रेकमध्ये मॅडमना खोदून विचारलं, की अमेरिकन कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात टायटल सेव्हन लागतो का. लागतो, पण फक्त तिथल्या अमेरिकन नागरिकांना, १९९१ ची दुरुस्ती आहे. म्हणजे आमच्या फ्लोअरवर जो मुलगा आहे, आईबाप पुण्याचे, जन्म कॅलिफोर्नियाचा, निळा पासपोर्ट, वाढला औंधला, त्याला खराडीत बसून जे संरक्षण आहे ते त्याच्या शेजारच्या खुर्चीवरच्या मला नाही, एकच मॅनेजर, एकच काम, एकच कॅन्टीन. मी विमानातून डॅलसला उतरून कामाला लागले की मला मिळतं, परत आले की गेलं. हे स्टेजवरून सांगितलंच नाही! हिंजवडीच्या माणसाला याच्याहून कामाचं काय असणार?

बाकी व्यवस्थेचं, टू-व्हीलर लावायला जागा नाही, समोरच्या गल्लीत लावलीत तर टोइंगवाले रविवारी पण येतात, मेट्रोने जा. लिफ्ट बंद होती, गुडघेवाल्या काकूंना दोन मजले चढवत नेलं. माइक मधेच कुईं करत होता. एसी नाही, पंखे आहेत. पेमेंट यूपीआयने, पावती मागितली तर देतात.

ऑनसाइटचं पक्कं झालंय किंवा पोरं तिकडे आहेत त्यांनी नक्की जा, पुढे बसा, तो पाच रकान्यांचा कागद जास्तीच्या दोन प्रती मागून घ्या, देतात. इथल्या नोकरीचा प्रश्न घेऊन जाणार असाल तर सध्या तरी जाऊ नका, साडेबाराशेत दोन मित्र मिळून एखाद्या लेबर कोर्टाच्या वकिलाचा अर्धा तास मिळू शकेल. फीडबॅक फॉर्मवर मी लिहिलंय की दुसरा भाग आधी घ्या किंवा वेगळ्या रविवारी पूर्ण तीन तासांचा करा, काउंटरवरची मुलगी म्हणाली बऱ्याच जणांनी हेच लिहिलंय. सातशे रुपयांत रेकॉर्डिंग पण विकतात, ते घेऊ नका, त्यात प्रश्नोत्तरं कापलेली असतात असं तिनेच सांगितलं, आणि नांदेडच्या मुलाचा स्टेटस कॉलही त्यात नसणार.